बोटीतून वॉलआयसाठी ट्रोलिंग: नवशिक्याला सल्ला हवा (लेक एरी)

खाडीकाठ, २६ एप्रिल

मंडळी, थोडं मार्गदर्शन हवं आहे. अमेरिकेत, ओहायोतल्या क्लीव्हलँडच्या पश्चिमेला राहतो. या हिवाळ्यात हो-नाही करता करता एक सेकंडहँड बोट घेतली: १७ फुटी, ॲल्युमिनियमची, ६० हॉर्सपॉवरचं मुख्य इंजिन आणि शेजारी ९.९ चा किकर, म्हणजे हळू चालवायचं छोटं इंजिन. आधीच्या मालकाने जुना फिशफाइंडर आणि रॉड होल्डर तसेच ठेवलेत. म्हणजे बोट तयार, तांडेल कच्चा.

मूळचा रत्नागिरीकडचा. गरवायची सवय लहानपणापासून, पण ती खाडीच्या जेटीवर बसून. कोळंबी लावायची, शिसं तळाला टेकवायचं, तंगूस (नायलॉनचा दोरा) बोटावर धरायचा, मग तांबोशी येवो नाहीतर शिंगटी. इथे किनाऱ्यावरून पर्च पकडले आहेत. आता वॉलआय या इथल्या गोड्या पाण्यातल्या माशाच्या मागे लागायचंय आणि जो भेटतो तो म्हणतो, ट्रोलिंग शिक. चालत्या बोटीमागे आमिष ओढायचं एवढं कळतं, पण दुकानात गेलो की डोकं गरगरतं. प्लेनर बोर्ड, डिप्सी, लेड कोर, स्नॅप वेट, हार्नेस, क्रँकबेट, आणि वर प्रत्येकाचे शंभर रंग. यातलं सुरुवातीला खरंच काय लागतं? वेग किती ठेवायचा? मासा किती खोल आहे हे स्क्रीनवर दिसलं तरी माझं आमिष तितकं खोल गेलंय हे कसं कळणार?

सोबत बहुतेक वेळा नऊ वर्षांची मुलगी असेल, म्हणजे बोटीवर अनुभवी हात एकही नाही. बजेट पाचशे डॉलरच्या आत. हा आकडा घरात मंजूर झालेला आहे, वाढवून मिळणार नाही.

"चार्टर (कप्तानासकट भाड्याची बोट) घे आणि शिक" असं सांगणार असाल तर तेही चालेल, पण का ते लिहा.


लेकतांडेल, २६ एप्रिल

बोटीबद्दल अभिनंदन! आमिष किती खोल गेलंय हे कसं कळणार, हा तुमचा प्रश्नच खरा, बाकीचं त्याच्या मागून येतं. मासा लागला की तो किती तंगूस सोडल्यावर, कोणत्या वेगाला आणि कोणत्या वजनावर लागला हे माहीत हवं. आणि लगेच तेच जसंच्या तसं पुन्हा करता आलं पाहिजे. ज्याला हे जमतं त्याच्या पेटीत आमिषाचे दोनच प्रकार असले तरी तो मासे घेऊन येतो. ज्याला जमत नाही तो रंग बदलत बसतो.

म्हणून पहिला खर्च रिळावर करा. लाइन काउंटर असलेलं रीळ घ्या, म्हणजे किती फूट तंगूस बाहेर गेला ते आकड्यात दिसतं. ओकुमा किंवा डायवाची साधी मॉडेल्स पुरतात. पण दोन्ही रिळं एकाच मॉडेलची घ्या आणि दोन्ही काठोकाठ भरा. हा काउंटर स्पूल किती वेळा फिरला ते मोजतो. स्पूल अर्धाच भरलेला असेल तर एका फेरीत कमी तंगूस जातो, आणि काउंटर १०० दाखवत असताना प्रत्यक्षात बराच कमी गेलेला असतो. रॉड साडेआठ फुटांच्या आसपास, टोकाला मऊ. आणि सुरुवातीला साधा मोनो (एकपदरी) तंगूसच भरा, १२ पौंडी वगैरे. वेणीची लाइन बोर्डाच्या क्लिपमधून घसरते, आणि ती अजिबात ताणली जात नसल्यामुळे नवख्या हातातून मासा सुटतो.

रॉड दोनच घ्या. होल्डर कितीही असोत. दोन रॉड, दोन इन-लाइन प्लेनर बोर्ड (तंगुसाला लावायच्या तरंगत्या फळ्या, त्या आमिष बोटीच्या बाजूला नेतात; एक डावा, एक उजवा, ते अदलाबदल करून चालत नाहीत), गांडूळ लावायचे तयार बांधलेले चार-सहा हार्नेस, एक-दोन औंसाची क्लिप लावायची वजनं, तीन-चार क्रँकबेट (माशासारखी कृत्रिम आमिषं) आणि लांब दांड्याची जाळी. हे पाचशेत बसतं. डिप्सी (आमिष खोल नेणारी चकती) आणि लेड कोर (शिशाच्या गाभ्याची लाइन) या वर्षी विसरा. ते जुलै-ऑगस्टमध्ये मासा पूर्वेकडच्या खोल पाण्यात उतरला की कामाला येतात.

आता खोलीचं. क्रँकबेटला पुढे प्लॅस्टिकची जीभ असते, ती पाणी कापत खाली जाते. ते किती खोल जाईल हे मुख्यतः तंगूस किती सोडला आणि तो किती जाड आहे यावर ठरतं. वेग थोडा कमी-जास्त झाला तर फार फरक पडत नाही. प्रिसिजन ट्रोलिंग डेटा नावाचं ॲप आहे, त्यात बाजारातल्या बहुतेक आमिषांचे तक्ते मिळतात: इतके फूट सोडलं की इतकं खोल. फक्त ते तक्ते ठराविक जाडीच्या लाइनवर मोजलेले असतात, तेवढं बघून घ्या.

हार्नेसचं गणित उलटं. दोन गळ, पुढे रंगीत मणी, त्यापुढे फिरणारं पातं, आणि गळांना अख्खं गांडूळ. त्याला स्वतःला खाली जायची बुद्धी नाही, वजन नेईल तितकंच जाणार. बोट हळू झाली की खाली बसतो, वेगात आली की वर उठतो. इथे वेगावर लक्ष ठेवावंच लागतं. सोपी पद्धत अशी: ५० फूट तंगूस सोडा, वजनाची क्लिप लावा, आणखी ५० फूट सोडा. सगळे याला फिफ्टी-फिफ्टी म्हणतात. मासा लागला की रीळ फिरवताना क्लिप हाताशी येते, ती काढायची आणि पुढे ओढायचं.

वेग जीपीएसवर बघा, अंदाजाने नको. हार्नेसला ताशी १ ते १.५ मैल, क्रँकबेटला १.५ ते २.५. पाणी थंड असेल तर दोन्हीकडे खालचा आकडा. तुमचा किकर एवढा हळू चालत नसेल तर कडेला ड्रिफ्ट सॉक बांधा. ती पाण्यात उघडणारी कापडी पिशवी असते आणि बोटीला मागे धरून ठेवते.

एक राहिलं. आमिष माशाच्या किंचित वरच असू द्या. वॉलआयचे डोळे वर बघणारे, अंधारात उजेड परतवणारे. तो वर येऊन आमिष घेईल, पण आपल्या खालून गेलेलं बहुतेक वेळा सोडून देईल. स्क्रीनवर मासा २५ फुटांवर दिसला तर तुम्ही २० ते २२ वर ओढा.


डेट्रॉइटचा_दर्दी, २७ एप्रिल

तांडेल, सगळं बरोबर, पण नव्या माणसाच्या हातात पहिल्या दिवशी प्लेनर बोर्ड देऊ नका हो. बोट सांभाळायची, बोर्ड सांभाळायचा, पोर सांभाळायचं, गुंता सोडवायचा. मासा कधी पकडायचा?

खाडीकाठ, तुम्ही तंगूस बोटावर धरून वाढलेले. तुम्हाला बॉटम बाउन्सर जमेल. वाकवलेली तार, तिच्यावर शिसं, मागे तोच गांडुळाचा हार्नेस. दर १० फूट खोलीला १ औंस धरा: ३० फुटांत ३ औंस. तार तळाला टकटक करत चालली पाहिजे. तंगूस पाण्यात साधारण ४५ अंशात दिसला की समजा ठीक चाललंय. फारच मागे गेला तर वजन वाढवा किंवा वेग कमी करा. रॉड हातात धरा. वॉलआय हिसका देत नाही, नुसतं जड होतं, काहीतरी ओलं फडकं अडकल्यासारखं. तेव्हा लगेच झटका देऊ नका, रॉडचं टोक थोडं मागे जाऊ द्या आणि मग सावकाश उचला. हे बोर्डावर कधीच कळत नाही. तिथे बोर्ड मागे सरकतो आणि तुम्ही नंतर जाऊन मासा घेऊन येता.


लेकतांडेल, २७ एप्रिल

दर्दी, तुमच्या डेट्रॉइट नदीत आणि सेंट क्लेअरला मासा तळाला असतो, तिथे तुमचं शंभर टक्के खरं. ह्युरॉन, व्हर्मिलियन, लोरेनसमोर मे-जूनमध्ये तो कितीतरी वेळा ३५-४० फूट पाण्यात मधेच तरंगत असतो. तळावर टकटक केलीत तर शीपहेड नावाचे नको असलेले मासे येतील. शिवाय झेब्रा शिंपले आल्यापासून एरीचं पाणी स्वच्छ झालंय. बोट डोक्यावरून गेली की वरच्या थरातला मासा बाजूला सरकतो. बोर्ड आमिषाला बोटीपासून ६०-७० फूट बाजूला नेतो तो याचसाठी.

पण पहिली सकाळ बाउन्सरने काढायला माझी हरकत नाही. वेग कसा धरायचा ते हाताला कळेल.


मिनीसोटाची_माशेवाली, २७ एप्रिल

आमच्याकडे वॉलआय १९६५ पासून राज्याचा मासा आहे, तेव्हा मध्ये बोलायचा हक्क आहेच. लहान तळ्यांवर बॉटम बाउन्सरच. मिनेसोटात उघड्या पाण्यात माणशी एकच लाइन लावता येते, त्यामुळे बोर्डांचा ताफा काढण्यात फारसा अर्थ नाही. एरी हे तळं नाही, समुद्र आहे. तांडेलांचं ऐका.

चार्टरचं मात्र मी सांगते, घ्याच. मासे मिळतात म्हणून नाही. बुक करतानाच सांगा की मला शिकायचंय, आणि मग दिवसभर मासे सोडून कप्तानाचे हात बघा. तो बोर्ड कोणत्या क्रमाने सोडतो, मासा लागल्यावर बोट थांबवतो की नाही, जाळी कुठून घालतो, वळताना काय करतो. रंग-बिंग काय ते नंतर विचारा. या लोकांकडे सहा पाहुण्यांपर्यंत न्यायचं लायसन्स असतं. तेव्हा आणखी दोन-तीन घरं मिळून गेलात तर खर्च वाटला जातो. हा खर्च मात्र तुमच्या पाचशेत धरू नका, "सहल" म्हणून दाखवा.


खाडीकाठ, २८ एप्रिल

सगळ्यांचे आभार. "सहल" हा शब्द घरी वापरून पाहिला, चालला.

तांडेल, दोन शंका. बोर्ड सोडायचा क्रम लिहाल का, अगदी पहिलीतल्या मुलाला सांगतात तसा? आणि मासा लागल्यावर बोट थांबवायची का? माझा जीव म्हणतो थांबवावी.


शिडाची_सखी, २८ एप्रिल

मासे हा माझा विषय नाही, आम्ही सँडस्कीच्या उपसागरात शिडाची बोट चालवतो. पण नऊ वर्षांची मुलगी आणि १७ फुटी बोट हे वाचून राहवलं नाही. बोर्डांआधी हे वाचा.

ओहायोत १ जानेवारी १९८२ किंवा त्यानंतर जन्मलेल्यांना १० हॉर्सपॉवरवरची बोट चालवायची तर बोटिंगचा कोर्स पास झालेला असावा लागतो. वयाने तुम्ही त्याच्या आधीचे असलात तरी करा. १८ फुटांहून लहान बोटीत १० वर्षांखालच्या मुलाच्या अंगात लाइफ जॅकेट पूर्ण वेळ हवं, हा कायदा आहे. तुमच्या अंगात पूर्ण वेळ हवं, हा माझा आग्रह. मेमध्ये एरीचं पाणी ५०-५५ फॅरेनहाइटच्या घरात असतं. एवढ्या थंडीत पडल्या पडल्या पहिल्यांदा श्वास जातो. पोहता येतं हे तेव्हा कामाचं नाही.

आता वारा. या सरोवराचा पश्चिम भाग सरासरी २४ फूटच खोल आहे. उथळ पाणी असल्यामुळे इथे लाट फार लवकर उठते आणि दोन लाटांमधलं अंतर कमी असतं. समुद्रावर दोन फुटी लाटेचं काही वाटत नाही, इथे ती १७ फुटी बोटीला नुसती ठोकत राहते. नोआचा (सरकारी हवामान संस्थेचा) किनाऱ्यालगतचा अंदाज सकाळी निघताना आणि पाण्यात असताना पुन्हा बघा. स्मॉल क्राफ्ट ॲडव्हायझरी (लहान बोटींसाठीचा इशारा) असेल तर घरी राहा, आणि पहिल्या मोसमात दोन फुटांवरची लाट सांगितली असेल तरीही.

दक्षिणेचा वारा फसवा, हे कोकणातल्या माणसाला लवकर पटेल. तो किनाऱ्याकडून आत वाहतो. धक्क्यावर पाणी काचेसारखं दिसतं, आणि पाच मैल आत गेल्यावर कळतं की परतीचा सगळा रस्ता वाऱ्याच्या तोंडावर आहे. उत्तरेचा किंवा ईशान्येचा वारा निदान धक्क्यावरूनच दिसतो.

फोनच्या भरवशावर राहू नका, हातातला व्हीएचएफ रेडिओ घ्या आणि मदत मागायचं १६ नंबर चॅनेल मुलीलाही शिकवा. तिला इंजिन बंद करता आलं पाहिजे. तुम्ही पाण्यात पडलात तर बोटीवर तीच एकटी उरते.


लेकतांडेल, २८ एप्रिल

सखींनी लिहिलं ते कागदावर काढून बोटीत चिकटवा.

बोर्डाचा क्रम. बोट वाऱ्याच्या दिशेने लावा, म्हणजे वारा पाठीवर. पहिल्या मोसमात वाऱ्याविरुद्ध ट्रोल करूच नका, नाक भरकटतं आणि वेग टिकत नाही. किकर गिअरमध्ये, वेग १.२. आमिष हाताने पाण्यात धरा आणि बोटीच्या कडेला पोहताना बघा. हार्नेसचं पातं फिरतंय का, गांडूळ सरळ ओढलं जातंय का? पहिला गळ त्याच्या डोक्यात, दुसरा मागे, आणि मधलं अंग ताणलेलं नको पण गोळाही नको. गांडूळ वाकडं लागलं तर ते गरगर फिरतं आणि तंगूस पिळून निघतो. क्रँकबेट एका बाजूला पळत असेल तर त्याच्या नाकावरची कडी पकडीने उलट बाजूला अगदी किंचित वाकवा.

मग काउंटर शून्यावर, ५० फूट, वजन, आणखी ५० फूट. रिळाला कुलूप, बोर्ड त्याच्या दोन्ही क्लिपांनी तंगुसाला लावा, पाण्यात ठेवा आणि रीळ हळूच मोकळं करा. बोर्ड आपला आपण बाहेर जातो. आपल्याला हवा तिथे पोचला की कुलूप लावून रॉड होल्डरमध्ये. ड्रॅग (मासा ओढेल तेव्हा तंगूस सोडणारा रिळाचा ब्रेक) सैल ठेवा. मग दुसऱ्या बाजूचा. पुढे कधी एका बाजूला दोन लावलेत तर बाहेरचा आधी सोडायचा.

आता वाट बघताना बोर्डाकडे बघायचं, रॉडच्या टोकाकडे नाही. मुलीला हेच काम द्या. दोन्ही बोर्ड एका रेषेत चाललेले असतात. एक मागे रेंगाळायला लागला की मासा आहे, नाहीतर शेवाळ. बारका मासा असेल तर बोर्ड जेमतेम हलतो, म्हणून काही जण त्यावर दाबाने पडणारी झेंडी लावतात. मुलांना ती फार आवडते.

बोट थांबवू नका. थांबवलीत की दुसऱ्या बाजूचं वजन तळाला जाऊन बसेल, आणि लागलेल्या माशाचा तंगूस सैल पडून तो सुटेल. वेग थोडा कमी करा एवढंच. रॉड न झटकता एकसारखं रीळ फिरवा. बोर्ड जवळ आला की काढून खाली ठेवा, मग वजन, मग मासा. रॉड उंच-खाली पंप करू नका. जाळी पाण्यात आधी बुडवून ठेवा आणि मासा डोक्याकडून आत येऊ द्या. शेपटीकडून जाळी घालायला गेलात तर तो पुढे सुटतो. गळ काढायला लांब पकड वापरा, कारण याला दात आहेत, कल्ल्याची कड धारदार आहे आणि पाठीवरचा पर काट्यांचा आहे.

वळताना हळूहळू मोठी वळणं घ्या, नागमोडी. त्यात एक फायदा दडलाय. वळणाच्या आतल्या बाजूचा बोर्ड हळू होतो, बाहेरचा वेगात जातो. सारखे आतल्याच बाजूला मासे लागायला लागले तर पाण्याने तुम्हाला सांगितलं की वेग कमी करा. बाहेरच्या बाजूला लागले तर वाढवा.


क्विंटेवाली, २९ एप्रिल

ऑन्टारियोतून लिहितेय. आमच्याकडे हाच मासा पिकरेल म्हणून विकला जातो. ओहायोच्या दुकानात एरीचा वॉलआय दिसला तर तो बहुधा आमच्या बाजूच्या जाळ्यांतला असतो, कारण तुमच्याकडे व्यापारी मासेमारीत वॉलआय बंद आहे.

दोन गोष्टी. पोर्ट क्लिंटन, बेटं वगैरे भागात जाल तेव्हा चार्टप्लॉटरवर (जीपीएस नकाशावर) अमेरिका-कॅनडा सीमारेषा चालू ठेवा. पीली आयलंड आमचं आहे आणि ते तुमच्या केलीज आयलंडपासून फार लांब नाही. रेषेच्या अलीकडे मासे धरायचे तर ओहायोचं लायसन्स, पलीकडे ऑन्टारियोचं, मग माणूस पाण्यातून आलेला असो की रस्त्याने. व्हिसावर असलेल्यांनी उगाच पलीकडे डोकावायला जाऊ नये, मासा दोन्हीकडे सारखाच आहे.

दुसरी: हार्नेसच्या गळावर अख्खं गांडूळ परवडत नसेल तर अर्धं लावा. महाग झालीत आजकाल. पुढे कधी मोठा मासा हवा असेल तर शरद ऋतूत बे ऑफ क्विंटेला या. थंडी बाधणारी मंडळी घरी ठेवून या.


पेटीभर_रंग, ३० एप्रिल

रंगाबद्दल कोणीच काही बोलत नाही? जांभळा, गुलाबी, फायरटायगर... माझ्याकडे सगळे आहेत.


लेकतांडेल, ३० एप्रिल

तुमचं नावच उत्तर आहे. गढूळ पाण्यात सोनेरी पातं किंवा पोपटी, स्वच्छ पाण्यात चंदेरी, आणि सूर्य वर येईपर्यंत जांभळा. एवढं ठेवून आधी खोली आणि वेग जुळवा. रंग सगळ्यात शेवटी.


खाडीकाठ, ३१ मे

जाऊन आलो. चार्टरही केलं (सहल!) आणि त्यानंतर स्वतःच्या बोटीने ह्युरॉनहून निघायला लागलोय. दर्दींचा बाउन्सर आधी, मग तांडेलांचे बोर्ड. वॉलआय मिळतायत, मुलगी बोर्डांवरून नजर काढत नाही आणि जाळीसुद्धा आता तिनेच धरायची असं ठरलंय. पण शीपहेड फार. राखाडी, बाकदार पाठीचे, जोर भारी. त्याचं काय करायचं? आणि एक बघितलं: मासे जवळजवळ सगळे वळणावर, आतल्या बोर्डाला. वेग १.५ ठेवला होता.


लेकतांडेल, ३१ मे

मग मासा १.१-१.२ मागतोय. त्या वेगाला आमिष खाली बसेल, म्हणून वजन एक औंसाने हलकं करा नाहीतर पुढचा तंगूस कमी सोडा. दोन्ही एकदम बदलू नका, म्हणजे कशाने फरक पडला ते कळेल. काउंटरचा आकडा, वजन आणि वेग मुलीला वहीत लिहायला सांगा.

शीपहेड आपल्या घोळ-ढोम्याच्या कुळातला आहे. डोक्यात हस्तिदंतासारखे दोन खडे असतात, एरीच्या किनाऱ्यावर मुलं ते गोळा करतात. खाणारे खातात, मी सोडतो. ते फार यायला लागले की समजायचं आमिष तळाजवळ चाललंय, चार-पाच फूट वर घ्या.


डेट्रॉइटचा_दर्दी, ३१ मे

मर्यादा लक्षात आहे ना? ओहायोच्या एरीत माणशी रोज ६ वॉलआय आणि किमान १५ इंच. नियम मधे बदलू शकतो, दर वर्षी ओएनडीआर नव्हे, ओडीएनआरच्या (ओहायोच्या नैसर्गिक संसाधन खात्याच्या) संकेतस्थळावर बघा (मी नेहमी अक्षरं उलटसुलट करतो). सोळा आणि वरच्या वयाला लायसन्स. २०१५ आणि २०१८ ची पैदास जबरदस्त झाली होती, म्हणून सध्या मोठे मासे बरेच दिसतात. फार मोठी मादी आली तर फोटो काढा आणि सोडा. खायला १८-२० इंची जास्त चांगला.


मिनीसोटाची_माशेवाली, १ जून

खायचं मी सांगते. बोटीवर बर्फात थोडं सरोवराचंच पाणी घालून त्यात मासा बुडवून ठेवा, नुसत्या बर्फावर नको. फिले काढायला सोपा, मांसात वायच्या आकाराचे ते आडमुठे काटे नाहीत. गालाचं मांस काढायला विसरू नका, नाण्याएवढं असतं पण सगळ्यात गोड. मासा अगदी सौम्य आहे, बांगड्याचा मसाला घातलात तर मसालाच लागेल. हळद, मीठ, आगळ, आलं-लसूण, आणि बारीक रव्यात घोळवून कडक तवा. कालवण करायचं तर ओल्या खोबऱ्याचं, पातळ, मासा शेवटी घालून पाच मिनिटं. फार उकळलात तर तुकडे शोधत बसाल.


खाडीकाठ, १४ जून

रवा झाला, कालवण झालं, पाचशेचा आकडा आता पुन्हा चर्चेला आलाय. पण गेल्या शनिवारपासून मासा तोंड लावेना. पाणी तेच, वेग १.२, बोर्ड नीट. स्क्रीनवर मासे दिसतायत, घेत नाहीत. आणि धक्क्यावरच्या दिव्याखाली कसल्या तरी लांब शेपटीच्या चिलटांचा ढीग.


लेकतांडेल, १४ जून

मेफ्लाय निघालेत. तळाच्या चिखलातून वर येतात, वॉलआय तोंड उघडून बसतो आणि पोट गच्च भरतो. रात्री हवामानाच्या रडारवरसुद्धा त्यांचा ढग दिसतो. हा काळ थोडे दिवसच असतो. तोवर हार्नेस ठेवून द्या, बारीक चमचे (चमच्यासारखी धातूची आमिषं) किंवा लहान क्रँकबेट लावून वेग २ च्या वर न्या. पोट भरलेला मासासुद्धा कधी कधी नुसत्या चिडीने चावा घेतो. जमलं तर पूर्वेला, लोरेनच्या पुढे जाऊन बघा.

आणि रॅम्पवर उतरताना सांभाळा. त्यांचा थर साचला की काँक्रीट तेल सांडल्यासारखं निसरडं होतं. बोट त्याच दिवशी धुवा, वाळल्यावर निघत नाहीत.